जुन्या वस्त्राचे ठिगळ

हा धडा वाचण्यास बसण्यापूर्वी वाचकांनी मार्ककृत शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय, व त्यातही विशेषेकरून एकविसावे वचन, काढून वाचावे. आणि शक्य असल्यास घरातील एखादे फाटके वस्त्र व सुईदोरा जवळ घेऊन बसावे. शास्त्रपाठाला सुईदोरा कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या वचनात आपल्या प्रभूने ठिगळाचा दाखला दिला ते वचन, ज्याने स्वतः कधी ठिगळ लावले आहे त्याला लवकर उमगते, असा आमचा अनुभव आहे. तो अनुभव आम्हांस काहीशी लाज पत्करून मिळाला. म्हणून तोच प्रथम सांगतो.

आम्ही पुणे शहरात राहतो व दर रविवारी साबाथशाळेचा एक वर्ग घेतो. त्या वर्गातील दहा वर्षांचा एक मुलगा लागोपाठ तीन रविवार आला नाही. चौकशीसाठी आम्ही त्याच्या घरी गेलो. बाप गवंड्याच्या हाताखाली कामाला जातो. आई शिंप्यांच्या दुकानांतील कपडे घरी आणून त्यांना काजेबटणे करून देते. मुलाची चांगली म्हणावी अशी शाळेची एकच विजार, ती गुडघ्यावर फाटली होती. आई म्हणाली, "गुरुजी, फाटकी घालून आला तेव्हा पोरं हसली. ते एक असो, पोरंच ती. पण बाकावर शेजारी बसलेली दोन मोठी माणसं उठून पलीकडे जाऊन बसली. तेव्हापासून तो येत नाही म्हणतो."

हे ऐकून आम्हांस वाईट वाटले, आणि वाईट वाटलेला मनुष्य जशी घाई करतो तशी आम्ही केली. तुळशीबागेत जाऊन इस्त्रीने चिकटणाऱ्या ठिगळांचे एक पाकीट आणले, विजार मागून घेतली, तापलेली इस्त्री अर्धा मिनिट फिरवली, आणि काम झाले असे समजून ती परत नेऊन दिली. आईने ठिगळ पाहिले, काही बोलली नाही. पुढल्या रविवारी मुलगा आला. पहिल्या धुण्यानंतर ठिगळाचे कोपरे उचलले. दुसऱ्या धुण्यानंतर त्याच्या कडा आत ओढल्या जाऊन भोवतालच्या कापडाला चुण्या पडल्या. तिसऱ्या धुण्यानंतर ते एका बाजूने लोंबू लागले, आणि जेथे ते होते तेथे चिकट डाग राहून त्यावर धूळ बसली. फाटणे पूर्वीपेक्षा मोठे झाले होते. त्या रविवारी मुलगा वर्गात गुडघ्यावर हात झाकून बसला होता. मार्काचे ते वचन आम्ही कितीतरी वेळा शिकवले होते. पण ते आमच्या स्वतःच्या हातून असे खरे ठरेल हे आमच्या ध्यानी आले नव्हते.

मग त्या माउलीने ती विजार आपल्या हाती घेतली आणि काय चुकले ते आम्हांस समजावून सांगितले. ते सर्वांनी जाणून घेण्यासारखे आहे.

कापड का आटते

मागावर उभे धागे, म्हणजे ताणा, ताठ ओढून बांधलेले असतात, आणि विणताना ते तुटू नयेत म्हणून त्यांना खळ दिलेली असते. असे कोरे सुती कापड प्रथमच पाण्यात पडते तेव्हा खळ निघून जाते, सूत पाणी पिऊन फुगते, आणि ओढून धरलेला धागा मोकळा होऊन आखडतो. यालाच आपण कापड आटले असे म्हणतो. याच कारणाने जाणते शिंपी कोरे कापड कापण्यापूर्वी रात्रभर पाण्यात भिजवून सावलीत वाळवतात. गिरणीतच कापड आधी आटवून काढण्याची रीत अमेरिकेतील सॅनफर्ड क्लूएट यांनी १९३० च्या सुमारास बसवली. तिच्यावरून आलेला 'सॅन्फोराइज्ड' हा शब्द आपल्यातील वडीलधाऱ्यांनी कापडाच्या काठावर छापलेला पाहिला असेल.

त्या मुलाची विजार टेरीकॉटची होती. टेरीकॉटमधील कृत्रिम धागा पाणी फारसे पीत नाही, व गिरणीत उष्णता देऊन तो आधीच स्थिर केलेला असतो. म्हणून असे कापड धुण्यात फारसे आटत नाही. आम्ही आणलेले ठिगळ जाड सुती कापडाचे होते, आणि कोरे होते. पाण्यात ठिगळ आटले, विजार आटली नाही. नव्याने जुन्याला ओढले, आणि जुने फाटले.

प्रभूचा दाखला

आता वचनाकडे वळू. मत्तय, मार्क व लूक या तिघांनीही हा दाखला लिहून ठेवला आहे. मत्तय व मार्क यांनी ठिगळाच्या कापडाविषयी जो ग्रीक शब्द वापरला आहे तो 'आग्नाफोस' असा आहे. त्याचा अर्थ, जे कापड अद्याप परिटाच्या हाताखालून गेलेले नाही ते. त्या काळी पॅलेस्टाईन देशात लोकरीचे कापड विणून झाल्यावर ते पाण्यात भिजवून, तुडवून, घट्ट व स्वच्छ करणारे कारागीर असत. त्या संस्कारात ते जेवढे आटावयाचे तेवढे आटून घेई. ज्याला तो संस्कार झाला नाही ते कोरे. आपल्या भाषेतील 'कोरे कापड' या दोन शब्दांत तो सर्व अर्थ आपोआप येतो.

लूक थोडी निराळी बाजू दाखवतो. त्याच्या लेखात ठिगळ हे नव्या वस्त्रातून फाडून काढलेले आहे. म्हणजे जुने वस्त्र तर सुधारत नाहीच, उलट नवेही फाटते, आणि दोहोंचा मेळ बसत नाही. दोन वस्त्रांपैकी अंगावर घालण्याजोगे एकही उरत नाही.

हा दाखला प्रभूने केव्हा दिला हेही पाहावे. योहानाचे शिष्य व परूशी उपास करीत होते. तुझे शिष्य उपास का करीत नाहीत, असा प्रश्न त्याला विचारण्यात आला. जकातदार लेवी याच्या घरच्या जेवणाची हकिकत नुकतीच होऊन गेली होती. तेथे लोकांनी टाकून दिलेली माणसे त्याच्या पंक्तीला बसली होती. त्यास प्रभूचे उत्तर असे की, आपण आणलेले जीवन हे जुन्या चालीरीतीच्या फाटक्या जागी लावावयाचे ठिगळ नव्हे. पुष्कळजण या वचनावरून असे समजतात की प्रभूला जुन्याचा तिटकारा होता, किंवा दुरुस्ती करणे हे त्याला हलके काम वाटे. तसे मुळीच नाही. ज्याला ठिगळ कसे बिघडते हे इतके नेमके ठाऊक, त्याने नासरेथच्या घरात ठिगळ लावणारे हात जवळून पाहिले असावेत. वस्त्र नीट करण्याविरुद्ध त्याचा एकही शब्द नाही. कापड न ओळखता केलेल्या कामाविरुद्ध आहे.

ठिगळ लावण्याची रीत

इस्त्रीने चिकटणारे ठिगळ वाईट असे आम्ही म्हणत नाही. पुण्यात रविवार पेठेत व तुळशीबागेत ते मिळते. त्याच्या पाठीस एक थर असतो. तो उष्णतेने वितळतो, दाबाने कापडाच्या धाग्यांत शिरतो, व थंड झाल्यावर घट्ट होतो. त्याचा गुण ओळखून वापरले तर ते उपयोगी पडते. त्या बाईंनी सांगितलेली व आम्ही नंतर करून पाहिलेली रीत अशी आहे.

पहिली गोष्ट, वस्त्र स्वच्छ धुऊन, खळ न देता, पूर्ण वाळवून घ्यावे. मळ, तेल किंवा खळ यांवर चीक धरत नाही. फाटलेल्या जागेचे लोंबते धागे कातरून टाकावेत.

दुसरी गोष्ट, शक्यतो ठिगळ व वस्त्र एकाच जातीचे असावे. सुतीला सुती, टेरीकॉटला टेरीकॉट. साधे कापड वापरावयाचे असल्यास ते आधी धुऊन आटवून घ्यावे. त्याचे उभे धागे वस्त्राच्या उभ्या धाग्यांच्या दिशेने ठेवावेत.

तिसरी गोष्ट, ठिगळ छिद्राएवढे कापू नये. छिद्राभोवतीचे कापडही विरलेले असते. ते सर्व झाकून, चांगल्या कापडावर चहूबाजूंनी निदान अर्धा इंच बसेल एवढे ते मोठे असावे. कोपरे गोल कातरावेत, कारण टोकदार कोपरा प्रथम उचलतो.

चौथी गोष्ट, इस्त्रीत वाफ नसावी. विजेच्या इस्त्रीवर एक, दोन व तीन ठिपक्यांच्या खुणा असतात. त्या अनुक्रमे सुमारे ११०, १५० व २०० अंश सेल्सिअस उष्णता दर्शवतात. टेरीकॉटला दोन ठिपक्यांच्या वर जाऊ नये. कापड चकाकते व वितळू लागते. नायलॉन, रेशीम व लोकर यांना हे ठिगळ लावूच नये. कोळशाच्या इस्त्रीला अशी खूण नसते, आणि निखारे घातलेल्या तांब्याने इस्त्री करण्याची जी रीत खेड्यांतून होती तीत तर अंदाजच असे. म्हणून आधी चिंधीवर परीक्षा पाहावी.

पाचवी गोष्ट, इस्त्री फिरवू नये. वरून पातळ फडके घालून ती एकाच जागी दाबून धरावी. किती वेळ, ते पाकिटावर लिहिलेले असते. मग वस्त्र उलटून दुसऱ्या बाजूनेही दाबावे. ठिगळ आतून लावले असेल तर छिद्रातून चीक खाली येतो, त्यासाठी खाली तेलकट कागद ठेवावा. त्यानंतर वस्त्र पूर्ण थंड होईपर्यंत हलवू नये, व निदान एक दिवस धुऊ नये. आम्ही इस्त्री फिरवली होती, आणि विजार गरम असतानाच घडी घातली होती.

सहावी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ठिगळ चिकटले म्हणून काम संपले असे समजू नये. उष्णतेने बसलेला चीक पुन्हा उष्णता लागली की मऊ होतो. म्हणून कडेने सुईने बारीक टाके घालावेत, वा यंत्रावर टीप मारावी. गुडघ्याचे ठिगळ असेल तर पायाची एका बाजूची शिवण उसवून घ्यावी, म्हणजे हात मोकळा चालतो. मग ती पुन्हा शिवावी.

त्या बाईंनी स्वतः तर बाजारचे ठिगळ वापरलेच नाही. वाढत्या अंगाची म्हणून शिवलेल्या विजारीची खालची दुमड त्यांनी उसवली, आतील पट्टी कापून घेतली, आणि तिचेच ठिगळ केले. ती पट्टी त्याच कापडाची. तितक्याच वेळा धुतलेली. रंगही जवळजवळ तोच. रफूगार लोकही असेच करतात. वस्त्राच्या आतल्या शिवणीतून धागे काढून त्यांनीच छिद्र विणून काढतात. शिवणीत जे जादा कापड शिंपी आत दडवून ठेवतो त्याला आपल्या भाषेत 'माया' म्हणतात. ज्या वस्त्रात माया ठेवलेली असते त्याला पुढे सुधारता येते. ज्यात शिंप्याने कापड वाचवण्यासाठी माया ठेवली नाही, ते उसवले की संपले. वाचकांनी या शब्दाचा आपल्या मनाशी थोडा विचार करावा.

पुण्यातील सुईची सेवा

सुईचे काम क्षुद्र समजू नये. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईस शारदासदन उघडले व १८९० साली ते पुण्यास आणले. पुढे दुष्काळात निराधार झालेल्या स्त्रिया व मुली यांना त्यांनी पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे मुक्तिसदनात आसरा दिला. तेथे शास्त्र व अक्षरे यांबरोबर शिवण, विणकाम इत्यादी हातचे उद्योगही शिकवले जात. ग्रीक व इब्री भाषांतून बायबलाचे भाषांतर करणाऱ्या त्या विदुषीला सुई आणि शास्त्र यांत विरोध दिसला नाही. १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन स्थापन झाले. तेथेही शिवणकामाने अनेक स्त्रियांना स्वतःच्या पायांवर उभे केले.

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये १ जून १९४१ पासून कपडे कूपनावर मिळू लागले, व १९४३ साली तेथील सरकारने जुने कपडे नीट करून वापरण्याची शिकवण देणारी पुस्तिकाच काढली. त्याच १९४३ साली आपल्या देशातही कापडावर सरकारी नियंत्रण आले. त्या दिवसांत ठिगळ लावलेला सदरा घालून उपासनेस येणाऱ्याकडे कोणी वळून पाहत नसे, कारण पुष्कळांच्या सदऱ्यांना ठिगळे असत. आज कापड मुबलक झाले आहे. पुण्यात जुने कपडे बोहारणीला देऊन भांडे घेतात, जुन्या बाजारात ते पुन्हा विकले जातात, आणि पुष्कळ कचऱ्यातही जातात; त्यांतील कृत्रिम धागा मातीत लवकर कुजत नाही. कापड स्वस्त झाले, आणि त्याबरोबर फाटक्या वस्त्रातील मनुष्यही आपल्याला स्वस्त वाटू लागला की काय, हे आपण स्वतःस विचारावे.

मंडळीपुढील प्रश्न

आता ती दोन माणसे आठवावीत, जी बाकावरून उठून पलीकडे जाऊन बसली. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हाच प्रसंग आहे. सोन्याची अंगठी घातलेला एक मनुष्य सभेत येतो, मळकी वस्त्रे घातलेला दुसरा येतो. एकाला मानाची जागा मिळते व दुसऱ्याला उभे राहावे लागते. याकोब याला शिष्टाचाराची चूक म्हणून सोडून देत नाही. तो याला पाप म्हणतो. तो मुलगा तीन रविवार आला नाही, तो विजारीच्या छिद्रामुळे नव्हे. आपल्या वागण्यातील छिद्रामुळे. आणि आम्ही काय केले? विजारीला ठिगळ चिकटवले. ज्यांनी बाक सोडला त्यांच्याशी एक शब्दही बोललो नाही. मूळ फाटणे होते तेथेच राहिले.

येथे प्रभूच्या दाखल्याचे खरे मर्म आहे. रविवारची उपासना, मेजवानीची पंगत, नाताळचे नवे कपडे, ही सर्व आपण पुष्कळदा जुन्या जीवनावर चिकटवतो. आतले कापड तेच असते: जातीचा अभिमान, गरिबाचा तिटकारा, सावकारी, दारू. उज्जीवन सभेच्या उष्णतेत ठिगळ बसल्यासारखे दिसते. पहिल्या धुण्यात कोपरे उचलतात. प्रभू आपल्या जीवनाला ठिगळ लावण्यास आला नाही; तो नवे वस्त्र देतो, आणि ते अंगावर घ्यावयाचे तर जुने उतरावे लागते. परंतु ज्याला त्याने नवे केले, त्याच्या हाती मात्र तो सुई देतो, अशासाठी की त्याने शेजाऱ्याचे फाटके नीट करावे. प्रेषितांच्या कृत्यांच्या नवव्या अध्यायात यापो येथील टबीथा हिची हकिकत आहे. ती मेली तेव्हा विधवा स्त्रियांनी पेत्राला तिने शिवलेली वस्त्रे रडत रडत दाखवली. तिने केलेले एकही भाषण शास्त्रात नाही. तिचे कपडे आहेत.

या सर्वांनंतर आम्ही प्रथम त्या दोन गृहस्थांकडे गेलो. एकाने मान खाली घातली. दुसऱ्याला राग आला, व तो अद्याप गेलेला नाही. तरी बोलणे आवश्यक होते. त्यानंतर महिन्यातील एका शनिवारी दुपारी उपासनामंदिराच्या ओसरीवर शिवणाची बैठक सुरू झाली. पत्र्याच्या एका पेटीत सुया, तीन-चार रंगांचे दोरे, कातर, बटणे, आणि शिंप्याकडून मागून आणलेले कातरण धुऊन ठेवले आहे. स्त्रिया येतात, काही पुरुषही येतात. कोणी कोणाला दान देत नाही. प्रत्येकजण आपले फाटके आणतो, आणि एकमेकांचे शिवतो. जे वस्त्र सुधारण्यापलीकडे गेले त्याची गोधडी होते. धावदोऱ्याने जुने जुन्याला जोडले की तेही ऊब देते. शिकवणारी आहे त्या मुलाची आई. पूर्वी ती उपासनेत मागल्या भिंतीशी बसत असे. शनिवारी लोक तिच्याभोवती बसतात. मुलगा सुया ओवून देतो.

खेड्यातील मंडळ्यांना आमची विनंती आहे की अशी एक पेटी आपल्या येथे ठेवावी. तिला खर्च थोडा लागतो. पण ती ठेवण्यापूर्वी आपल्या बाकांवर कोण कोणाशेजारी बसतो ते एक रविवार लक्ष देऊन पाहावे.

वर्गात विचारण्याचे प्रश्न

१. कोरे ठिगळ जुन्या वस्त्राला का फाडते? कापड आणून व भिजवून मुलांना प्रत्यक्ष दाखवा.

२. मत्तय व मार्क यांच्या सांगण्यात आणि लूकाच्या सांगण्यात काय फरक आहे? लूकाच्या दाखल्यात किती वस्त्रांची हानी होते?

३. प्रभूने हा दाखला कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून दिला?

४. आपल्या मंडळीतून कोणी कपड्यांच्या लाजेमुळे येण्याचे थांबले आहे काय? त्याच्या घरी या आठवड्यात कोण जाईल?

५. आपल्या स्वतःच्या जीवनात असे कोणते ठिगळ आहे, जे आपण नुसते चिकटवले आहे?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर मोठ्याने देऊ नये. ते घरी जाऊन, दार लावून, प्रभूला द्यावे.